आवाज वाढवला की वसुली वाढते का? जीएसटी ऑडिटमधली सॉफ्ट स्किल्स



जीएसटी ऑडिट म्हटलं की आपण सगळे कागदांकडे धावतो. बिलं, बँक स्टेटमेंट, स्टॉकची वही, रिटर्नच्या प्रती. ते बरोबरच आहे. पण आजचा धडा कागदांचा नाही, माणसांचा आहे. टेबलाच्या एका बाजूला तपासणीला आलेले अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला दुकानदार, त्याचा अकाउंटंट किंवा कर सल्लागार. या दोघांमध्ये जे बोलणं होतं, त्यावर ऑडिटचं काय होणार ते बऱ्याच अंशी ठरतं.

हा धडा दोघांसाठी आहे. आपल्याकडे व्यापारी आणि अकाउंटंट तर आहेतच, पण राज्यकर निरीक्षकाची परीक्षा देणारी आणि नुकतीच नोकरीला लागलेली मुलं-मुलीही आहेत. त्यांनी अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून वाचावं. व्यापाऱ्यांनी समोरच्या खुर्चीत बसून वाचावं.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न आधी घेऊ. "साहेब गोड बोलले काय आणि ओरडले काय, कर तर कायद्याने जेवढा बसतो तेवढाच ना?"

कागदावर तेवढाच. प्रत्यक्षात मात्र नाही. नीट विचारलं तर बरोबर आकडा लवकर हाती येतो. दरडावून विचारलं तर चुकीचा आकडा तरी येतो, नाहीतर दोन-तीन वर्षांचा वाद तरी. आज एवढी एकच गोष्ट समजून घ्यायची आहे.

१. आधी हे बघा: ऑडिट म्हणजे धाड नव्हे

बाजारपेठेत अजूनही "सेल्स टॅक्सवाले आले" म्हटलं की लोक धाड पडली असंच समजतात. कायद्यात मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्याकडून होणारं ऑडिट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ६५ खाली होतं. झडती आणि जप्ती कलम ६७ खाली होते, आणि त्यासाठी करचुकवेगिरी वगैरे झाल्याचं मानायला सबळ कारण लागतं.

ऑडिटची चौकट अशी आहे:

- कमीत कमी १५ कामकाजाचे दिवस आधी फॉर्म एडीटी-०१ मध्ये नोटीस.
- ऑडिट सुरू झाल्यापासून ३ महिन्यांत काम पूर्ण. आयुक्तांनी कारणं लिहून मुदत वाढवली तर आणखी जास्तीत जास्त ६ महिने.
- तपासणीत फरक दिसला तर अधिकारी तो व्यापाऱ्याला कळवू शकतात. व्यापारी उत्तर देऊ शकतो आणि त्या उत्तराचा विचार करूनच निष्कर्ष पक्का करायचा. हे नियम १०१ मध्ये आहे.
- ऑडिट संपल्यावर ३० दिवसांच्या आत निष्कर्ष, त्यामागची कारणं आणि व्यापाऱ्याचे हक्क व जबाबदाऱ्या फॉर्म एडीटी-०२ मधून कळवायच्या.

आता ही यादी पुन्हा एकदा वाचा. आधी कळवा, उत्तर ऐका, विचार करा, कारण सांगा, हक्क सांगा. म्हणजे ज्याला आपण सॉफ्ट स्किल्स म्हणतो, त्यातला निम्मा भाग कायद्यानेच लिहून ठेवला आहे. समोरच्याचं ऐकून घेणं हा अधिकाऱ्याचा मोठेपणा नाही, ते त्याचं काम आहे. उरलेला निम्मा भाग म्हणजे हे काम कसं करायचं, आणि तो कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

२. भीतीने माहिती आटते

ऑडिट करणाऱ्याचं खरं हत्यार कोणतं? अधिकार? शिक्का? नाही. त्याचं हत्यार म्हणजे प्रश्न. हिशोबाच्या वह्या सगळं सांगत नाहीत. हा माल परत का आला, हे बिल दोन महिने उशिरा का नोंदवलं, या गोडाऊनमधला माल कोणाचा, हे तोंडीच कळतं. आणि घाबरलेला माणूस तोंड उघडत नाही.

घाबरल्यावर लोक काय करतात ते तुम्हीही पाहिलं असेल. काही जण गप्प बसतात. काही जण "मला काही माहीत नाही, सगळं सीएंना विचारा" म्हणतात. काही जण प्रत्येक प्रश्नाला "हो साहेब" म्हणतात, आणि हे सगळ्यात धोक्याचं. कारण त्या "हो"च्या आधारावर उद्या नोटीस निघते आणि परवा तोच माणूस अपिलात सांगतो की मी तसं म्हणालोच नव्हतो.

या विषयावर जगभर बराच अभ्यास झाला आहे. टॉम टायलर या अमेरिकन अभ्यासकाचं १९९० चं पुस्तक प्रसिद्ध आहे. शिकागोच्या रहिवाशांशी बोलून त्यांनी दाखवलं की लोक कायदा पाळतात तो फक्त शिक्षेच्या भीतीने नाही. आपल्याला न्यायाने वागवलं गेलं, आपलं ऐकून घेतलं गेलं, हे वाटणं फार महत्त्वाचं असतं. ऑस्ट्रियाचे मानसशास्त्रज्ञ एरिक कर्चलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये खास कराबद्दलच मांडणी केली. त्यांच्या मते लोक कर भरतात त्यामागे दोन गोष्टी असतात: खात्याची ताकद आणि खात्यावरचा विश्वास. नुसत्या ताकदीने लोक भरतात, पण नाइलाजाने, आणि पळवाट दिसली की तिकडे वळतात. विश्वास असला की स्वतःहून भरतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर, काठी उगारली की बैल चालतो, पण काठी खाली गेली की थांबतो. अधिकारी वर्षातून एकदा येणार. उरलेले दिवस व्यापाऱ्याने काय करायचं, हे तो अधिकारी जाताना काय ठेवून गेला त्यावर ठरतं.

३. एकच फरक, दोन प्रश्न

उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावात एक हार्डवेअरचं दुकान आहे. ऑडिटमध्ये दिसलं की वर्षभरात ३बी रिटर्नमध्ये ४,८६,००० रुपयांचं इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलं आहे, पण जीएसटीआर-२बी मध्ये त्या वर्षाचे ४,४१,००० रुपयेच दिसतात. फरक ४५,००० रुपयांचा.

पहिली पद्धत: "पंचेचाळीस हजार जास्त घेतलेत. चोरी आहे ही. आज भरताय की केस करू?"

आता दोनच गोष्टी घडतील. दुकानदार घाबरट असेल तर संध्याकाळपर्यंत डीआरसी-०३ ने ४५,००० भरून मोकळा होईल आणि मनात कायमचा राग ठेवेल. दुकानदार खमक्या असेल तर सल्लागाराला सांगेल, "एक रुपया द्यायचा नाही, लढू." मग नोटीस, उत्तर, आदेश, अपील.

दुसरी पद्धत: "काका, ३बी आणि २बी मध्ये पंचेचाळीस हजारांचा फरक दिसतोय. कधी कधी याला योग्य कारण असतं. आपण बिलवार यादी काढून बघू या का? अकाउंटंटना दोन दिवस पुरतील ना?"

दोन दिवसांनी यादी येते. समजा तिच्यात हे निघालं:

- २७,००० रुपये: मागच्या मार्चमधली बिलं. ती मागच्या वर्षीच्या २बी मध्ये आली होती, पण माल दुकानात पोचला एप्रिलमध्ये, म्हणून क्रेडिट या वर्षी घेतलं. माल मिळाल्यावरच क्रेडिट घ्यायचं असतं, त्यामुळे हे रास्त आहे.
- १२,००० रुपये: एका पुरवठादाराने बिलं दाखवलीच नाहीत. १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये न आलेलं क्रेडिट घेता येत नाही. हे परत करावं लागेल.
- ६,००० रुपये: एक बिल दोनदा नोंदवलं गेलं. सरळसरळ चूक.

म्हणजे खरा आकडा १८,००० रुपये. ४५,००० ही नाही आणि शून्यही नाही. यात फसवणूक किंवा माहिती दडवण्याचा प्रकार नसेल, तर कारणे दाखवा नोटीस निघण्याआधी कर आणि लागू होणारं व्याज भरलं की दंड लागत नाही. चुकीचं क्रेडिट वापरलं गेलं असेल तर व्याज वर्षाला १८ टक्के. पण प्रकरण आदेशापर्यंत गेलं की दंड कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यातली जास्त असेल ती रक्कम. १८,००० च्या करावर १०,००० चा दंड कोणाला परवडतो?

हे अधिकाऱ्याने शांतपणे समजावून सांगितलं की दुकानदार स्वतःच म्हणतो, "साहेब, अठरा हजारांचं चलन करतो." सरकारला बरोबर कर मिळाला, तोही वादाशिवाय. पहिल्या पद्धतीत एक तर २७,००० जास्त घेतले गेले असते, नाहीतर १८,००० अडकून पडले असते.

४. अधिकाऱ्याला लागणारी पाच कौशल्यं

एक: तयारी. हे सॉफ्ट स्किल कसं, असं वाटेल. पण समोरच्याचा वेळ वाया न घालवणं हा सगळ्यात मोठा आदर आहे. केंद्रीय जीएसटीच्या २०१९ च्या ऑडिट मॅन्युअलमध्ये दुकानात जाण्याआधी उपलब्ध माहितीचा टेबलावर बसून अभ्यास करायला सांगितलं आहे. रिटर्न पोर्टलवर असताना तीच रिटर्नं छापून मागणं, किराणा दुकानदाराला बिल्डरचे प्रश्न विचारणं, याने अधिकाऱ्याचं वजन तिथेच कमी होतं.

दोन: ऐकणं, आणि धंद्याची भाषा समजणं. दुकानदार म्हणतो, "माल पाठवला होता, पण तो फिरून आला." यात लपवाछपवी नाही, ही विक्री परत आहे. पुढचा प्रश्न असा हवा: "फिरून आलेल्या मालाची क्रेडिट नोट केली का? दाखवता का?" दुकानदार म्हणतो, "ते हातउसने घेतले होते." हा उत्तराचा शेवट नाही, पण लगेच खोटंही समजू नका. कोणाकडून, कधी, बँकेतून की रोख, परत कधी दिले, असं एक-एक विचारत जा. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. उत्तर पूर्ण होऊ द्या. बरीचशी कामाची माहिती माणूस पहिल्या वाक्यानंतर थोडं थांबून सांगतो.

तीन: अब्रू राखणं. ही गोष्ट पुस्तकात फारशी नसते, पण आपल्या पेठेत सगळ्यात महत्त्वाची आहे. लहान दुकानात मालक, कामगार आणि गिऱ्हाईक एकाच दहा फुटांत उभे असतात. तिथे आवाज चढला की संध्याकाळपर्यंत गावभर बातमी होते. मग घाऊक व्यापारी उधारी बंद करतो, बँकेतला माणूस विचारू लागतो. कर निघाला १८,००० आणि नुकसान झालं त्याच्या कित्येक पट. म्हणून प्रश्न गल्ल्यासमोर नको, आतल्या खोलीत किंवा दुपारी गर्दी नसताना. "तू" नको, "तुम्ही". वयाने मोठ्या माणसाला काका, मावशी म्हटल्याने पद लहान होत नाही. आणि मुलासमोर बापाला चोर म्हणू नका.

चार: गोड पण स्पष्ट नकार. दुकानात गेलं की चहा येणारच. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, हो म्हटलं तर चहावरून वडापाव, वडापाववरून जेवण आणि दिवाळीला डबा. पहिल्याच दिवशी हसून सांगा: "पाणी चालेल. ऑडिट चालू असताना दुसरं काही घेत नाही, सगळीकडे हेच सांगतो." शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. त्यातून समोरच्याला कळतं की हा नकार त्याला एकट्याला नाही.

पाच: लिहिणं. तोंडाने कितीही गोड बोललात आणि हातात दिलेला कागद कोणाला कळलाच नाही, तर सगळं फुकट. हे दोन नमुने बघा.

पहिला: "अभिलेखांच्या छाननीअंती तफावत निदर्शनास आली असून त्याबाबत समाधानकारक खुलासा सादर न केल्यास पुढील कार्यवाही प्रस्तावित करण्यात येईल."

दुसरा: "३बी मध्ये घेतलेलं क्रेडिट २बी पेक्षा ४५,००० रुपयांनी जास्त आहे. बिलवार यादी आणि माल मिळाल्याचे पुरावे अमुक तारखेपर्यंत द्यावेत. एवढी मुदत पुरत नसेल तर त्याआधी कळवावे."

दुसऱ्यात आकडा आहे, काय द्यायचं ते आहे, तारीख आहे आणि मुदत मागायचा रस्ताही आहे. पहिला वाचून दुकानदार सल्लागाराला फोन करतो. दुसरा वाचून तो फाईल उघडतो.

५. नरम बोलणं म्हणजे सूट देणं नव्हे

काही अधिकाऱ्यांना वाटतं, नीट बोललो तर लोक डोक्यावर बसतील. तसं नाही. आवाज खाली ठेवूनही प्रश्न कडक असू शकतो. "तुमची अडचण समजली. पण ही तीन बिलं ज्या पुरवठादाराची आहेत, त्याची नोंदणी रद्द झालेली दिसते. माल प्रत्यक्ष आल्याचा पुरावा दाखवा. वाहतुकीची पावती, ई-वे बिल, बँकेतून केलेलं पेमेंट." यात एकही शब्द वाकडा नाही आणि सुटकेला जागाही नाही.

खोटी बिलं सापडली तर कायद्याची कडक कलमं आहेतच, आणि ती लावलीच पाहिजेत. सरळ कर भरणाऱ्या शेजारच्या दुकानदारावर अन्याय होऊ नये म्हणून तरी. फक्त चूक आणि लबाडी यांतला फरक ओळखायचा असेल तर आधी ऐकावं लागतं. पहिल्या मिनिटालाच सगळ्यांना चोर ठरवणाऱ्याला खरा चोर ओळखता येत नाही.

दबावाखाली कर भरून घेण्याच्या तक्रारी हा काही नुसता वागणुकीचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने मे २०२२ मध्ये झडती आणि तपासाच्या वेळच्या वसुलीबद्दल सूचना काढली. करदाता स्वतःहून भरू शकतो, पण जबरदस्तीने भरून घेतल्याची तक्रार आली तर चौकशी करावी आणि दोषी अधिकाऱ्यावर कारवाई करावी, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे ओरडून घेतलेला पैसा अधिकाऱ्याच्याच गळ्यात येऊ शकतो.

६. "आता सगळं फेसलेस झालंय ना?"

प्राप्तिकरात बहुतेक तपासणी फेसलेस पद्धतीने होते. अधिकारी कोण, कुठल्या शहरातला, हे करदात्याला कळत नाही. मग सॉफ्ट स्किल्स संपली का? उलट वाढली. समोरासमोर असताना चेहरा बघून सांभाळून घेता येतं. इथे फक्त शब्द आहेत. नोटिशीत नक्की काय विचारलं, मुदत रास्त दिली का, आलेलं उत्तर वाचून आदेशात त्याची दखल घेतली का, यावरूनच माणूस खात्याला जोखतो. १३ ऑगस्ट २०२० ला जाहीर झालेल्या करदात्यांच्या सनदेतली पहिली दोन आश्वासनं हीच आहेत: सौजन्याची, रास्त वागणूक देऊ, आणि उलट मानायला कारण नसेल तोवर करदात्याला प्रामाणिक समजू.

७. व्यापाऱ्यांनो, टाळी एका हाताने वाजत नाही

अधिकारी कसा मिळेल हे आपल्या हातात नाही. आपली बाजू मात्र आहे.

- एडीटी-०१ आल्यावर नोटीस पोर्टलवर आहे का ते बघा आणि आलेल्यांचं ओळखपत्र नम्रपणे मागा. यात उद्धटपणा नाही.
- उत्तरं देण्यासाठी एकच माणूस ठरवा. मालक एक सांगतो, मुलगा दुसरं, अकाउंटंट तिसरं, असं झालं की साध्या फरकाचाही संशय होतो.
- माहीत नसेल तर "बघून उद्या लेखी देतो" म्हणा. अंदाजाने आकडा सांगू नका.
- न वाचता सही नको. मजकूर कळला नाही तर मराठीत समजावून सांगायची विनंती करा.
- चूक निघाली तर ताणू नका. बिलवार यादी काढा, खरा आकडा ठरवा, व्याजासकट भरा आणि भरल्याचं लेखी कळवा.
- आवाज चढला तर आपला चढवू नका. "साहेब, तुमचा मुद्दा लेखी द्या, मी लेखी उत्तर देतो." एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा.

थोडक्यात उजळणी

ऑडिटचं काम म्हणजे बरोबर आकडा शोधणं. बरोबर आकडा माहितीतून मिळतो आणि माहिती माणसाकडून मिळते. माणूस बोलतो तो विश्वास वाटला तर. म्हणून नीट विचारणं, ऐकणं, अब्रू राखणं आणि स्पष्ट लिहिणं हा कर गोळा करण्याचाच भाग आहे, वरची सजावट नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

अधिकारी आणि उमेदवारांसाठी: "तुम्ही स्टॉक लपवला आहे" हे वाक्य प्रश्नात बदला. आरोप नको, पण उत्तर टाळता येऊ नये असं. तीन प्रकारे लिहून बघा.

व्यापारी आणि अकाउंटंटसाठी: मागच्या वर्षाचं ३बी आणि २बी शेजारी ठेवा. फरकाची बिलवार यादी आजच करा आणि प्रत्येक ओळीपुढे कारण लिहा. नोटीस येईल तेव्हा ही यादीच तुमच्या बाजूने पहिली बोलेल.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर वह्या पक्क्या ठेवा आणि डोकं शांत!